किचनच्या मागच्या दारापासून

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

वाशीच्या हॉटेलात तुझ्याकडे पर्यावरणपूरक उपक्रमांची जबाबदारी आली आणि पहिल्याच आठवड्यात तू खोल्यांसाठी बांबूचे टूथब्रश मागवायला निघालीस, हे वाचून मला माझीच नवखी वर्षे आठवली. मीही बाथरूममध्ये ‘टॉवेल पुन्हा वापरा’ अशी सुबक पाटी लावली होती. पाहुण्यांनी टॉवेल दांडीवर नीट वाळत घातले आणि हाऊसकीपिंगच्या मुलांनी ते सवयीने उचलून लॉन्ड्रीत टाकले, कारण मी त्यांना काही सांगितलेच नव्हते.

तेव्हा खोल्या राहू देत. किचनच्या मागच्या दाराशी वजनकाटा ठेव आणि ओल्या कचऱ्याच्या तीन बादल्या कर: चिरताना निघालेले, शिजवून उरलेले आणि ताटात टाकलेले. पहिली बादली खरेदीतली चूक दाखवते, दुसरी अंदाजातली, तिसरी वाढण्यातली. आमच्याकडे न्याहारीचा बुफे संपेपर्यंत उपम्याचे भांडे काठोकाठ भरलेले दिसावे, असा दंडक होता. शेवटच्या तासाला लहान भांडे ठेवून मागणीप्रमाणे ताजा उपमा करायला लागल्यावर दुसरी बादली एका हाताने उचलता येऊ लागली. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवले होते, त्यामुळे आपण कुठे बसतो हेही याच काट्यावर कळते.

तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचत जाणारे खराब घटक, 25 टक्क्यांपलीकडे गेली की ते अन्नासाठी वापरता येत नाही. ते मोरीत ओतू नकोस, बायोडिझेलसाठी तेल नेणाऱ्या अधिकृत संकलकाला दे आणि पावती जपून ठेव.

मोठा खर्च करायचाच असेल, तर तो गरम पाण्यावर कर. हीट पंप हवेतील उष्णता खेचून पाणी तापवतो, म्हणून साध्या गिझरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत त्याचे भागते. आपली दमट, उबदार हवा त्याला मानवते. त्यातून बाहेर पडणारी गार हवा लॉन्ड्रीकडे वळवता येईल का, हे इंजिनिअरला विचार. मालकांना यातले पर्यावरण नंतर सांग, आधी वीजबिल दाखव. मी उलटा क्रम धरून दोन वर्षे घालवली.

आणि काट्याची वही स्वतः लिहू नकोस. ती भांडी घासणाऱ्या मावशींकडे दे. कोणत्या दिवशी काय टाकले गेले, हे शेफच्या आधी त्यांना ठाऊक असते. महिनाभराने वही घेऊन ठाण्याला घरी ये, जेवता जेवता पाहू.