कंपनी सदस्य आहे, मग युनियन कशाला?

प्रश्न : पवनचक्क्या उभारणाऱ्या ठेकेदाराकडे मी वायरमन आहे. साहेब म्हणतात, ‘आपली कंपनी उद्योगसंघटनेची सदस्य आहे, तुम्हाला वेगळी युनियन कशाला?’

उत्तर : ‘संघटना’ या शब्दानेच घोळ होतो बघा. उद्योगसंघटना कंपन्यांची. मानकं ठरवणं, प्रशिक्षण, सरकारदरबारी बाजू मांडणं ही तिची कामं, आणि ती उपयोगीच. पण वर्गणी तुमचे साहेब भरतात. तुमच्या ओव्हरटाइमसाठी ती भांडेल कशाला?

मीही साइटवर वायरमन होतो. काम चालू असताना कुणी वीज सुरू करू नये म्हणून पॅनेलला माझं कुलूप, चावी माझ्या खिशात. एकदा सुपरवायझर म्हणाला, “काढ, पाचच मिनिटं लाइन सोडतो.” आत हेल्परचा हात होता! मी नाही म्हणालो, पण एकट्याने नाही म्हणताना पाय लटपटतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८८ चा बांधकाम-सुरक्षा करार, क्रमांक १६७, गंभीर धोक्यातून बाजूला होण्याचा हक्क मानतो. लगेच वरिष्ठांना कळवायचं, एवढंच. साइटवर तो हक्क बजावताना पाठीशी युनियन लागते.

पाया बांधकामवाल्यांचा, तारा ऊर्जावाल्यांच्या, म्हणून तुमच्या कामाला दोन्हीकडच्या युनियन लागू पडू शकतात. फॉर्म भरण्याआधी एवढं विचारा : ठेकेदाराच्या माणसांना सदस्य करता का?