आगीतून माणूस वाचवणाऱ्या जवानाला ‘शूर’ म्हटलेलं का सोसत नाही?

ताई, तुमचा धाकटा भाऊ अग्निशमन दलात आहे. तीन आठवड्यांपूर्वी चाळीच्या आगीतून त्याने एका आजींना बाहेर काढलं, पण पलीकडच्या खोलीतल्या माणसापर्यंत त्याला पोहोचता आलं नाही. मंडळाने सत्कार केला, नाक्यावर फ्लेक्स लागला, आणि आता कुणी ‘शूर’ म्हटलं की तो भरल्या ताटावरून उठतो. असं का, हा तुमचा प्रश्न. मी जवानांना बी. ए. सेट, म्हणजे पाठीवरचं श्वसनयंत्र, वापरायला शिकवतो. त्यामुळे उत्तराची सुरुवात सिलिंडरपासून करतो. मनातली झुंज नेमकी कुठे होते ते तिथे दिसतं.

सिलिंडर साधारण ६.८ लिटरचा, ३०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे तीनशे पट, दाबाने भरलेला. म्हणजे सुमारे २,००० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ती पाऊण तास पुरते. प्रत्यक्षात अंगावर जड गणवेश, धुरात गुडघ्यांवर रांगत जाणं आणि मागून लोकांचा आक्रोश, ‘आत माणूस आहे हो!’ अशा वेळी हवेचा खर्च सहज दुप्पट होतो. हातात राहतात वीस-पंचवीस मिनिटं. दाब ५५ बारच्या आसपास आला की यंत्राची इशाऱ्याची शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की परत फिरायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर शिट्टी वाजेल तेव्हा जवान बाहेर, निदान दाराशी, पोहोचलेला असायला हवा. त्यानंतरची हवा फक्त अडचणीसाठी.

आता हिशेब करून पाहा. आत शिरताना दाब दाखवणारा काटा २८० वर आहे. ५५ राखीव ठेवले की उरले २२५. निम्मे जायला, निम्मे यायला. म्हणजे काटा १७० च्या आसपास आला की वळायचं. खांद्यावर माणूस घेऊन यायचं असेल तर परतीला जास्त हवा लागते, म्हणून त्याहूनही आधी. जवान जोडीने आत जातात, आणि ज्याची हवा आधी संपत येते त्याच्या काट्यावर दोघांनाही वळावं लागतं.

म्हणजे पाठीवर निम्म्याहून जास्त हवा असताना माघारी फिरायचं असतं. नियम अगदी बरोबर आहे. तो मोडला तर त्या जोडीला शोधायला आणखी दोघांना आत जावं लागतं. पण रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या माणसाला नियम आठवत नाही. त्याला काटा आठवतो. ‘हवा होती, तरी मी वळलो.’ तुमच्या भावाच्या मनात हेच वाक्य असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण माणूस मागे राहिलेल्या वर्दीनंतर, म्हणजे आगीच्या कॉलनंतर, जवानांच्या मनात हे हटकून येतं.

आत शिरण्याची भीती त्यामानाने सोपी. सराव, गणवेश, सोबतचा जोडीदार आणि हातातली होज, म्हणजे पाण्याची नळी, तिला दाबून टाकतात. शिरताना अख्खी गल्ली बघत असते, मोबाइलवर चित्रीकरणही चालू असतं. वळण्याचा निर्णय मात्र धुरात होतो, तो कुणालाच दिसत नाही. लोक टाळ्या वाजवतात त्या शिरण्याला, आणि जवान अडकून पडलेला असतो वळण्यापाशी. कौतुक त्याला टोचतं ते म्हणून. आपल्याकडच्या जुन्या चाळींत लाकडी जिने, पोटमाळे, खिडक्यांना जाळ्या. त्यात इमारत कधी बसेल याचा भरवसा नसतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीने दलाचे चार अधिकारी नेले, हे प्रत्येक जवानाला ठाऊक आहे. वळताना तेही डोक्यात असतं, आणि नंतर ‘मी घाबरून वळलो का?’ असा डंख तेच मारतं.

आठवणही दगा देते. अशा ताणात नजर समोरच्या चिंचोळ्या पट्ट्यापुरती उरते, आवाज कमी ऐकू येतात, वेळ ताणली जाते. दोन मिनिटं दहा वाटतात. मधल्या तुटक्या जागा मन स्वतःला दोष देऊन भरतं. यावर एक उपाय आहे आणि तो फार कमी वापरला जातो. बाहेर नोंदीचा फलक असतो. त्यावर आत गेल्याची वेळ आणि तेव्हाचा दाब लिहितात. भावाची तयारी असेल तर स्टेशन ऑफिसरसोबत बसून त्याने त्या नोंदी वाचाव्यात. ‘आणखी पाच मिनिटं थांबता आलं असतं’ हे आकड्यांत बसतं का, ते त्याचं त्यालाच कळेल. तुम्ही समजूत घालून ते होणार नाही.

घरात ‘त्याचं नशीब’, ‘विसरून जा’, ‘तू तर हिरो’ ही तीनही वाक्यं बंद करा. पाहुण्यांसमोर त्याला प्रसंग सांगायला लावू नका. अशा प्रसंगानंतर सगळ्या जवानांना एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी चांगली मानली जायची. तिचा उपयोग होत नाही, काहींना त्रासच होतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. तो आपणहून बोलला तर मध्ये न तोडता ऐका. झोपेसाठी दारू नको. तिने डोळा लागतो, पण पहाटेची झोप मोडते. केमिस्टकडून आणलेल्या झोपेच्या गोळ्याही नकोत. ड्युटीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका: काजळी आरोग्याला वाईट आणि तो वास त्याला परत आत नेतो. जळक्या प्लास्टिकच्या किंवा करपलेल्या फोडणीच्या वासाने तो दचकला तर पाय जमिनीवर टेकवून, चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा-आठ मोजत सोडायचा, तीन-चार मिनिटं.

पहिल्या महिन्यात हे सगळं होणं स्वाभाविक आहे, बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतंही. महिना उलटूनही तसंच राहिलं तर मुंबईच्या के. ई. एम., नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार ओ. पी. डी. त न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मरणाच्या गोष्टी निघाल्या तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.

आणखी एका खुणेकडे लक्ष ठेवा, कारण तिचंही लोक कौतुकच करतात. पुढच्या वर्दीला तो काटा न बघता आत राहू लागला, जोडीदार वळला तरी थांबू लागला, तर ते शौर्य समजू नका. मागच्या वेळचं वळणं तो फेडतो आहे. असं कानावर आलं तर स्टेशन ऑफिसरशी स्पष्ट बोला आणि त्याला काही दिवस आत जाण्याच्या कामावरून बाजूला ठेवायला सांगा. तो तुमच्यावर चिडेल, चिडू द्या.

आणि मंडळाच्या मुलांना सांगून नाक्यावरचा तो फ्लेक्स आजच उतरवून घ्या. ड्युटीला जाता-येता तो रोज त्याच्याखालून जातो.