फिल्टर वारंवार बंद पडतो? तो केव्हा बंद पडतो ते आधी पाहा

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी: दर्यापूरकडचं गाव, दोन फुटांची टाकी, त्यात गोल्डफिश आणि मॉली, आत बसणारा पॉवर फिल्टर. लाईन जाऊन आली की फिल्टर उठत नाही, टिचकी मारली की सुरू होतो. कधी कधी संध्याकाळी लाईन असतानाही थांबतो. आधीचा असाच वागायचा म्हणून नवा आणला, आता नवाही तेच करतोय. मासे सकाळी वर येऊन तोंड मारतात. दुकानदार म्हणतो मोटर जळाली, दुसरा घ्या.

दुसरा घेऊ नका. टिचकीने जी मोटर फिरते ती जळालेली नाही, ती अडते आहे. कशाने अडते, हे ती कोणत्या वेळी थांबते यावरून बरंचसं कळतं.

या फिल्टरमध्ये फिरणारा भाग एकच असतो. गोल चुंबक, त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची पंखी आणि मधून गेलेली सिरॅमिकची बारीक दांडी. कॉइल बाजूला पूर्ण बंद केलेली असते, तिथं पाणी जात नाही. चुंबक आपल्या ५० हर्ट्झच्या विजेशी ताल धरून फिरतं. एकदा फिरायला लागलं की ते थोडाफार अडथळा सहन करतं, पण उभ्या जागेवरून सुरू होताना त्याच्याकडे जोर फारच कमी असतो. म्हणूनच आत थर साचलेला फिल्टर लाईन आहे तोवर महिनोन्‌महिने चालतो आणि लाईन गेली की परत उठत नाही, नुसता घूंऽऽ करत राहतो. लाईन सारखी जाते अशा गावात हा दोष लवकर उघडा पडतो, इतकंच.

आता थर. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा आपला अमरावती, अकोला, बुलढाण्याचा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा, इथं जमिनीखालचं पाणीच खारट. पाणी खारट असणं वेगळं आणि जड असणं वेगळं, हे आधी लक्षात घ्या. जड म्हणजे चुन्यासारखे क्षार (कॅल्शियम, मॅग्नेशियम) जास्त असलेलं पाणी, आणि पंखीवर थर बसतो तो या जड पाण्याने. तुमच्या कूलरच्या पंपाला आणि खसला पांढरा थर बसत असेल, तर तोच थर फिल्टरच्या आतही बसतोय. कूलरकडे पाहिलं की टाकीतल्या पाण्याची परीक्षा होऊन जाते.

प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. फिल्टर बाहेर घ्या, पुढचं झाकण फिरवून काढा, पंखीला धरून चुंबक सरळ ओढा. चुंबकावर बोट फिरवा. ते गुळगुळीत लागायला हवं. खरखरीत लागलं, कडेला पिवळट-पांढरे खडे दिसले, तर चोर सापडला. चुंबक ज्या नळीत बसतं तिच्या तळाशीही बॅटरी मारून पाहा. तिथं बहुतेक वेळा थराबरोबर गोगलगाईचं पिल्लू, वाळूचा कण किंवा झाडाच्या पानाचा धागा सापडतो.

किराणा दुकानातलं लिंबूसत्व आणा. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर घालून चुंबक, पंखी, दांडी त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. बुडबुडे निघतात, थर सुटतो. नळीतही तेच पाणी भरून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने आणि कानकाडीने घासा, साध्या पाण्यात दोनतीनदा खळखळून धुवा. संडासचं ॲसिड वापरू नका, चाकूने खरवडू नका. चुंबकावरचा लेप गेला की ते गंजतं, फुगतं आणि मग नळीच्या भिंतीला घासायला लागतं. तेल, ग्रीस तर मुळीच नको, या मोटरला वंगण पाण्याचंच असतं.

साफ करताना एक दिसेल: पंखी चुंबकावर थोडी सैल असते, अर्धा फेरा मोकळी फिरते. ती तुटलेली नाही. चुंबकाला आधी एकट्याने सुरू होता यावं, पाण्याचं ओझं मागून यावं, यासाठी बऱ्याच पंपांत ती तशीच बनवलेली असते. लोक तिला मोडली समजून चिकटवतात आणि मग तो फिल्टर खरोखरच उठत नाही. सैल असेल तर सैल राहू द्या. दांडी मात्र नीट पाहा. मधे चीर असेल किंवा टोकाची रबराची टोपी गळून पडली असेल, तर चुंबक तिरकं फिरतं, खडखड वाजतं आणि अडकतं.

एवढं करूनही संध्याकाळीच थांबत असेल तर व्होल्टेज पाहा. २३० ऐवजी घरात १७०-१८० येत असेल, तर स्वच्छ पंखीही उठायला कुरकुरते. वायरमनकडून मीटर लावून सात-आठच्या सुमारास मोजून घ्या, दुपारी मोजलेल्याचा उपयोग नाही. एकाच डीपीवर साऱ्या गल्लीचे कूलर सुरू झाले की हे होतंच. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (घरच्या लाईनसारखी गुळगुळीत वीज न देणारा) असेल तर त्यावर ही मोटर जास्त घूं करते आणि तापते. एक्स्टेन्शन बोर्डचे सैल पॉइंटही तपासा.

उन्हाळ्यात आणखी एक कारण जोडीला येतं. मे महिन्यात टाकीचं पाणी झपाट्याने उडतं, पातळी खाली येते, फिल्टर हवा ओढतो, गुळगुळ आवाज करतो आणि पाणी फेकणं थांबवतो. पाणी हीच त्याची गारवणी, तेव्हा कोरडा चालला की तापतो. आपण काय करतो, वरून बोरचं पाणी ओततो. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार सगळे टाकीतच राहतात आणि वरून नवे येतात. म्हणजे टाकी दर आठवड्याला जास्त जड होत जाते. उडालेलं पाणी आरोच्या कॅनने भरा. पाणी बदलताना मात्र नेहमीचंच पाणी घ्या. आख्खी टाकी आरोने भरू नका, गोल्डफिशला आणि खास करून मॉलीला ते मानवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मासे. फिल्टर थांबला म्हणजे फक्त पाणी गढूळ होईल असं समजू नका. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमधल्या स्पंजमध्येच राहतात आणि त्यांना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २५ अंशाला लिटरमध्ये सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३५ अंशाला ७ च्याही खाली. गोल्डफिश घाणही जास्त करतो आणि श्वासही जास्त घेतो, तुमचे मासे सकाळी वर येऊन तोंड मारतात ते यामुळेच. पाणी गरम आणि आम्ल नसलेलं असलं की तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून लाईन लांबली की त्या दिवशी खाऊ घालू नका. मगाने टाकीतलंच पाणी काढून वितभर उंचीवरून पुन्हा ओता. फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला असेल तर लगेच सुरू करू नका. आतलं सडकं पाणी एकदम टाकीत येतं. आधी बाहेर काढून खंगाळा.

स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच, दोनदा पिळून. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर असते, तिच्याने जिवाणू मरतात. स्पंज पांढराशुभ्र करायचा हट्ट सोडा.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे माशांचा जीव एका मोटरवर टांगू नये. साधा स्पंज फिल्टर आणि लाईन गेली की आपोआप बॅटरीवर जाणारा एअर पंप, ही जोडी टाकीत कायम ठेवा. त्यात पाण्यात फिरणारं काहीच नसतं, थर बसला तरी अडायला पंखी नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे लाईन गेल्यावर नळीतून पाणी उलटं येणार नाही. वर ठेवायला जागा नसेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (हवा पुढे जाऊ देणारी, पाणी मागे न येऊ देणारी झडप) लावा. तुमचा पॉवर फिल्टर सोबतीला चालू द्या. महिन्याला एकदा पंखी काढून पाहिली की पुरे.

घूं आवाजही येत नसेल, हाताला थरथरही लागत नसेल आणि दुसऱ्या पॉइंटवर लावूनही तसंच असेल, तर मात्र कॉइल किंवा वायर गेली आहे. ती दुरुस्त होत नाही. वायर कापून टेप मारून पाण्यात सोडू नका, घरात माणसं आहेत. बोर्डला अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघून घ्या. नुसती दांडी किंवा पंखी खराब असेल तर तेवढीच सुटी मिळते. अकोल्याला किंवा अमरावतीला जाताना जुनी पंखी दांडीसकट खिशात टाकून न्या आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवून लांबी जुळवून घ्या. मॉडेल नंबरवर विसंबू नका, एकाच नंबरच्या दोन फिल्टरच्या दांड्या वेगळ्या निघतात.