‘दरम्यान’ जरा जपून

तुझी अपघाताची बातमी वाचली. मजकूर नीट आहे, पण जवळपास प्रत्येक परिच्छेद ‘दरम्यान’ने सुरू होतोय. ही सवय आपल्या धंद्यात सगळ्यांनाच लागते, कारण न जुळणारे दोन तुकडे चिकटवायला हा शब्द भलताच सोयीचा पडतो.

‘ट्रक उलटल्याने घाटात वाहतूक ठप्प झाली. दरम्यान, जखमींना ग्रामीण रुग्णालयात हलवण्यात आले.’ हे चालेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळात घडत होत्या. पण पुढे तू लिहिलंयस, ‘दरम्यान, या वळणावर गेल्या वर्षीही अपघात झाला होता.’ गेल्या वर्षीचा अपघात आजच्या दरम्यान कसा होईल? ती पार्श्वभूमी आहे. सरळ ‘याच वळणावर गेल्या वर्षीही...’ अशी सुरुवात कर. शेवटचं ‘दरम्यान, पोलिस अधिक तपास करत आहेत’ तर नुसतं शेपूट. पानावर जागा कमी पडली की डेस्कवरचे उपसंपादक बातमी खालून कापतात, तेव्हा पहिलं तेच उडणार.

‘खोपोली-खंडाळ्यादरम्यान’, ‘उपचारांदरम्यान मृत्यू’ इथे मात्र बिनधास्त वापर. फक्त जोडून लिही. आधी ‘च्या’ आला तर सुटा: ‘नऊ ते दहाच्या दरम्यान’.

आणि ‘रात्री दहाच्या दरम्यान’ कधीच नको. वेळ एकच असेल तर ‘दहाच्या सुमारास’. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ही गल्लत असते आणि घाईत ती जशीच्या तशी उचलली जाते, तेवढं बघत जा.