गाडीच्या पेंटवर पॉलिशिंग मशीन चालवायला फोम पॅड कोणते घ्यावेत? रंगावरून ओळखता येतं का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: गाडी काळी सेडान, बॉनेटवर उन्हात गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, दारांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आहेत. मशीन 8 मिलिमीटर थ्रोचं डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे एकाच वेळी दोन प्रकारे हलणारं) घेतलंय. आता ऑनलाइन सात रंगांच्या सात पॅडचा संच दिसतोय, तो घ्यावा का आणि कोणता रंग कशाला वापरावा?

तो संच घेऊ नका. तेवढ्याच पैशात एकाच चांगल्या कंपनीचे मध्यम पॉलिशिंगचे तीन-चार पॅड आणि मऊ फिनिशिंगचे दोन पॅड घ्या. काळ्या गाडीला एवढे लागतातच आणि बहुतेक वेळा पुरतातही. जालन्यात माझं हेच काम आहे, आणि नवीन माणूस पैसे वाया घालवतो तो मशीनवर नाही, पॅडवर घालवतो, हे मी सतत बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रंगाचं. पॅडच्या रंगाला सगळीकडे चालणारा असा नियमच नाही. थ्रीएम कंपनीच्या ठरलेल्या पद्धतीत हिरवा पॅड कंपाउंडिंगचा (म्हणजे जाडसर पॉलिशने खोल ओरखडे काढायचा), पिवळा पॉलिशचा आणि निळा सगळ्यात शेवटच्या बारीक फिनिशचा. इटलीच्या रुपेसकडे मात्र निळा हा सगळ्यात जास्त कापणारा (म्हणजे पेंटचा वरचा थर जास्त घासून काढणारा), पिवळा बारीक आणि पांढरा अतिबारीक. मेग्वायर्सचा पिवळा मधल्या कामाचा, तर लेक कंट्रीचा पिवळा कापणारा. म्हणजे कुणी तुम्हाला ‘शेवटी निळा मारा’ म्हणालं आणि तुमच्या हातात रुपेसचा निळा असला, तर झालेल्या फिनिशवर पुन्हा ओरखडे उमटणार. बिननावाच्या संचात तर रंग फक्त दिसायला दिलेले असतात. सातांपैकी चार पॅड हाताला अगदी सारखेच लागतात.

पॅड ओळखायचा तो दाबून. अंगठ्याने दाबल्यावर फोम कडक लागला आणि लगेच परत वर आला, तर तो कापणारा. सहज दबला, पण अंगात थोडा ताठपणा राहिला, तर मधला, पॉलिशिंगचा. अगदी लोण्यासारखा दबला तर फिनिशिंगचा. फोमची छिद्रंही बघा. मोठी, उघडी छिद्रं असली की हवा खेळते आणि पॅड कमी तापतो. बंद छिद्रांचा फोम पॉलिश आत शोषत नाही, वरच धरून ठेवतो, पण उष्णताही धरून ठेवतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, पत्रा सावलीतसुद्धा कोमट राहतो. मी त्यामुळे उघड्या छिद्रांचाच फोम वापरतो, शक्यतो मधोमध भोक असलेला. मधला भाग सगळ्यात कमी फिरतो आणि उष्णता तिथेच साठते, भोकामुळे ती बाहेर पडायला वाट मिळते.

आता तुमच्या मशीनचं, कारण खरी निवड इथे ठरते. डीए मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतोही. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. तो 8 मिलिमीटर असला की हालचाल मुळातच छोटी. त्यावर जाड, लुसलुशीत पॅड लावला तर हालचाल फोमच्या जाडीतच जिरते. वर मशीन थरथरतं, खाली पेंटवर काहीच घडत नाही. मग माणूस जोर लावतो, पॅड फिरायचा थांबतो, नुसता जागच्या जागी कंप पावतो आणि तापतो. 21 मिलिमीटरचं मशीन जाड पॅड थोडाफार ओढून नेतं, 8 चं नाही नेत. तुम्ही पातळ पॅड घ्या, साधारण 15 ते 20 मिलिमीटर जाडीचे. बॅकिंग प्लेटच्या (मशीनची ज्यावर पॅड चिकटतो ती कडक चकती) कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसत राहिली पाहिजे. दिसायची थांबली की हात हलका करा. एवढ्या एका खुणेने निम्म्या तक्रारी मिटतात.

पॅडचा व्यास बॅकिंग प्लेटपेक्षा थोडा मोठा हवा. प्लेट 125 मिलिमीटरची असेल तर पॅड 135 ते 150 पर्यंत चालतो. बरोबरीचा किंवा लहान पॅड लावू नका. जरा तिरका झाला की प्लेटची कडक कड पेंटला लागते आणि तो घाव पॉलिशने निघत नाही. दाराच्या हँडलभोवती, आरशांवर, खांबांवर काम करायचं असेल तर 3 इंची पॅड आणि त्याची वेगळी छोटी प्लेट लागते. ती नंतर घेतली तरी चालेल.

चार मध्यम पॅड कशाला, असं वाटेल. फोमला मर्यादा असते. एक-दोन पॅनल झाले की त्यात वापरलेलं पॉलिश आणि पेंटचा भुगा भरतो. भरलेला पॅड कापायचा थांबतो, गरम होतो, आणि वाळलेल्या भुग्याचे कण नव्याने ओरखडे पाडतात. दर पॅनलनंतर पॅड ब्रशने झाडा, कंप्रेसर असेल तर हवा मारा, आणि ओलसर जड वाटू लागला की बदला. एका पॅडला एकच पॉलिश, हेही पक्कं धरा. कंपाउंडच्या पॅडवर बारीक पॉलिश घेतलं तर ते बारीक राहत नाही.

कामाला लागण्याआधी गाडी नीट धुऊन क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवून घ्या. आपल्याकडची धूळ, आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून उडालेलं सगळं, पेंटला चिकटून बसतं. त्यावरून फोम फिरवला तर कितीही महागाचा पॅड असो, ओरखडेच मिळतील. ते गोल ओरखडे येतात तेही असेच. पाण्याची टंचाई मराठवाड्याला नवी नाही, 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा ठिकाणी रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसायची सवय लागते, त्यात माणसाचा दोष नाही. पण पेंटवर त्याच्या खुणा राहतात.

मग सुरुवात मध्यम पॅडनेच करायची. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन मास्किंग टेपने आखा. पहिल्यांदा पॅडच्या पूर्ण तोंडावर पॉलिशचा पातळ थर बोटाने पसरून घ्या, पुढच्या वेळी तीन-चार थेंब बस. मशीन सावकाश, आडव्या मग उभ्या पट्ट्यांत चालवा. पुसल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याचा हात फिरवा, कारण काही पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरतं झाकतं. आता टॉर्च तिरका धरून बघा. ओरखडे गेले असतील तर कापणारा पॅड तुम्हाला विकतच घ्यायची गरज नाही. राहिले असतील तर आधी पॉलिश बदला, पॅड त्यानंतर. काळ्या रंगावर, त्यातही मऊ क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) असेल तर, कडक पॅड धुरकटपणा सोडतो आणि तो काढायला फिनिशिंगचा फेरा लागतोच. जपानी गाड्यांचा क्लिअर कोट सहसा मऊ आणि जर्मन गाड्यांचा कडक, असा माझा अनुभव आहे. तरी चौकोनाची चाचणी दोघांनाही करायची.

एवढी काळजी सांगतो, कारण क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचाच असतो. माणसाचा केस याहून जाड. गेलेला थर परत येत नाही. बॉडी लाइनवर आणि दाराच्या कडांवर तो आणखी पातळ असतो, तिथे टेप लावा. प्लास्टिकच्या बंपरवर उष्णता पसरत नाही, एकाच जागी साठते, तिथे पॅड थांबू देऊ नका.

बोअरच्या पाण्याचे डाग वेगळे बघा. वरवरचे क्षार पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावलं आणि लगेच धुतलं की बरेचसे जातात. क्षारांनी पेंट खाल्ला असेल तर मध्यम पॅडने जितके जातील तितके जाऊ द्या. उरलेल्यांमागे कडक पॅड घेऊन लागू नका.

लोकरीच्या पॅडबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गॅरेजवाले सुचवतीलच. ते रोटरी मशीनचं (पॅड नुसता एका जागी गरगर फिरवणाऱ्या), सवयीच्या हाताचं काम आहे. तुमच्या मशीनला आणि तुमच्या ओरखड्यांना त्याची गरज नाही.

काम झाल्यावर पॅडमध्ये पॉलिश वाळू देऊ नका. कोमट पाणी आणि साध्या लिक्विड साबणात चोळून धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. मी शेवटचा हात गोड्या पाण्यात देतो, कारण क्षारांचं पाणी फोममध्येच वाळतं आणि क्षार आत राहतात. सावलीत वाळवा. कडक उन्हात वेल्क्रोचा गोंद सुटतो आणि पुढच्या वेळी चालू मशीनवरून फोम उडून जातो. वाळला की झाकणाच्या डब्यात ठेवा.

बॅकिंग प्लेटचा व्यास पट्टीने मोजून आणि गाडी कोणत्या कंपनीची ते खाली लिहा, म्हणजे पॅडची नेमकी साइज आणि सोबत कोणतं पॉलिश घ्यायचं ते सांगतो.