लवचिकता? छे, तग आणि उभारी

एका वाचकाने विचारले आहे : आपत्तीत शहराच्या पायाभूत सुविधा कितपत टिकतात, हे मोजणाऱ्या इंग्रजी अहवालाचे ते भाषांतर करताहेत. ‘रेझिलियन्स’ला, म्हणजे धक्का सोसून पुन्हा सावरण्याच्या क्षमतेला, ‘लवचिकता’ म्हणायचे ठरले आहे. त्यातला ‘चि’ ऱ्हस्व की दीर्घ?

वेलांटीचे नंतर पाहू, आधी तो शब्दच खोडा. ‘लवचिक शहर’, ‘लवचिक रस्ते’ वाचून वाचून मी विटलो आहे. मलवाहिनी खरोखरच लवचीक निघाली तर प्लंबर बोलवावा लागेल.

शब्द मात्र मोठा गोड. ‘लवणे’ म्हणजे वाकणे, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘नम्’. नवनीताचे लोणी झाले, निंबाचा लिंब झाला, तसाच इथेही ‘न’चा ‘ल’ झाला. म्हणजे ‘लवून नमस्कार’ करताना आपण एकच धातू दोनदा वाकवतो! तुकोबांच्या ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’मधले लव्हाळेही लवते म्हणून लव्हाळे, असा माझा जुना तर्क आहे. आमचे एक व्युत्पत्तीवाले स्नेही यावर हसतात. ‘लव’ म्हणजे बारीक केस, त्यावरून ते आले असे ठासून सांगतात. मधला ‘ह’ कुठून आला, हे त्यांनाही सांगता येत नाही, पण हसू काही थांबत नाही. त्यांनी लव्हाळा कुंडीतसुद्धा पाहिलेला नसावा. उसात खुरपणी केलेल्या कुणालाही विचारा : वरचे पाते कापले तरी आठ-पंधरा दिवसांत लव्हाळा पुन्हा हजर, कारण जीव खालच्या गाठींत असतो. पुरात तो वाकल्यामुळे तरतो हे खरे, पण नंतर फुटतो तो गाठींच्या जोरावर.

आणि अभियंते मोजतात ते नेमके हेच. आलेखावर एका बाजूला सेवा, दुसऱ्या बाजूला दिवस. आपत्ती आली की रेघ कोसळते, मग हळूहळू वर चढते. मधे जो त्रिकोण पडतो तेवढे नुकसान. समजा एका शहराचा पाणीपुरवठा 100 टक्क्यांवरून 40वर आला आणि सरळ रेषेत चढत दहा दिवसांत पूर्ववत झाला : 60 गुणिले 10, त्याच्या निम्मे, म्हणजे त्रिकोण 300चा. दुसऱ्याचा 20वर आला, पण तीन दिवसांत सावरला : 120. पहिल्याने तग जास्त धरला, उभारी दुसऱ्याने लवकर धरली. मराठीत दोन्ही क्रिया घरोघरी वापरात आहेत. ‘उभारी’तला ‘उभा’ तर थेट ‘ऊर्ध्व’पासून प्राकृतातल्या ‘उब्भ’मार्गे आलेला. मग दोन मापांना एकच वाकडा शब्द कशाला?

काही विद्वान ‘स्थितिस्थापकता’ सुचवतात. पदार्थविज्ञानात ठीक. पण तिचा अर्थ मूळ स्थितीत परत जाणे, आणि मुंबईची मूळ स्थिती काय होती? ओहोटी असताना ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढी जुनी गटारे. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला. कुलाब्याला 75सुद्धा नाही. त्या मूळ स्थितीत परत जायचे आहे का? पुढे क्षमता ताशी 50पर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले, म्हणजे ती स्थिती सोडायचेच ठरले. या विद्वानांनी रबर ताणून पाहिले आहे, तुंबलेला नाला पाहिलेला नाही.

त्या दिवशी आमच्या इमारतीत पाणी कमरेपर्यंत होते. दुसऱ्या संध्याकाळी ओसरले. पण वीजमीटर आणि पाण्याचा पंप दोन्ही तळमजल्यावर, त्यामुळे पुढचे नऊ दिवस चौथ्या मजल्यावर बादल्या चढवल्या. खांब, भिंती, जिना, सगळ्यांनी तग धरला होता. उभारी अडली ती एका गंजलेल्या मोटरीपाशी. तिकडे वर्तमानपत्रांत मुंबईच्या ‘स्पिरिट’चे कौतुक चालू होते, आमचे स्पिरिट बादलीत होते.

तेव्हा जिथे आकडा किती घसरला हे सांगायचे तिथे ‘तग’ लिहा, किती दिवसांत वर आला तिथे ‘उभारी’. मथळ्यात दोन्ही. वरिष्ठ कुरकुरतील, कुरकुरू द्या.

हां, वेलांटी. ‘लवचीक’मध्ये दीर्घ. ‘ता’ हा प्रत्यय संस्कृत, त्याला या मराठी शब्दाशी जोडूच नये. फार अडलेच तर ‘लवचीकपणा’ लिहा, तिथेही दीर्घच.