'थ्री इडियट्स'मधल्या खऱ्या चुका कोणत्या? व्हॅक्यूम क्लीनरने प्रसूती करता येते का, आणि पेन-पेन्सिलचा किस्सा खरा आहे का?

व्हॅक्यूम क्लीनरने प्रसूती होणार नाही. मात्र मुसळधार पावसात वीज गेलेली असताना नायक रँचो आणि त्याचे मित्र वेबकॅमवरून डॉक्टर पियाच्या सूचना घेत तिच्या बहिणीची प्रसूती करतात, त्या प्रसंगातलं सगळंच काही थाप नाही. इंजिनिअरिंग बऱ्यापैकी टिकतं, वैद्यक कोसळतं.

आधी वीज बघू. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर साधारण 1000 ते 1400 वॅटचा असतो. 12 व्होल्टच्या बॅटरीतून 1000 वॅट काढायचे तर 83 अँपिअर लागतात, इन्व्हर्टरमधली गळती धरली की 95च्या घरात. छोट्या गाडीची 35-40 अँपिअर-तासाची एकच बॅटरी एवढ्या भाराखाली दहा-पंधरा मिनिटांत मान टाकेल. पण चार गाड्यांच्या बॅटऱ्या समांतर जोडल्या तर अर्धा-पाऊण तास आरामात निघेल. इन्व्हर्टर निदान दोन किलोवॅटचा हवा, कारण मोटर सुरू होताना दुपटीहून जास्त करंट ओढते. बॅटरीच्या ताराही जाड हव्यात. घरातल्या वायरिंगची तार लावलीत तर आधी तीच वितळेल. सिनेमात पोरं गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणतात, तिथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

गडबड आहे ती ओढीत. इस्पितळात बाळाच्या डोक्याला 5-6 सेंटिमीटरचा कप लावतात. आधी दर चौरस सेंटिमीटरला 0.2 किलोएवढीच निर्वात ओढ देतात, कपाखाली आईची त्वचा अडकलेली नाही ना हे बोट फिरवून बघतात आणि मगच 0.8 किलोपर्यंत नेतात. घरगुती क्लीनरची तोंड बंद केल्यावरची कमाल ओढ 20 किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे तोच 0.2चा आकडा. डॉक्टर जिथे तपासणीपुरते थांबतात, तिथेच हे यंत्र संपतं. हिशेब करा: 6 सेंटिमीटरच्या कपाचं क्षेत्रफळ 28 चौरस सेंटिमीटर. 0.8ने तो साधारण 22 किलोपर्यंत धरून राहील, 0.2ने जेमतेम साडेपाच. प्रत्यक्षात लागणारी ओढ अनेकदा दहा किलोच्या वर जाते. म्हणजे कप सटकणार. शिवाय बहुतेक क्लीनरची मोटर आत येणाऱ्या हवेनेच थंड होते. तोंड बंद ठेवून चालवली की ती तापते आणि थोड्या वेळात बंद पडते.

यंत्र बरोबर असतं तरी अटी उरतातच. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटिमीटर, उघडलेलं हवं, पाणी गेलेलं हवं, डोकं खाली बसलेलं हवं, मूत्राशय रिकामं हवं. ओढायचं ते फक्त कळ येईल तेव्हा, आईच्या जोराबरोबर. तीन कळांत बाळ पुढे सरकलं नाही किंवा कप दोन-तीनदा सुटला तर हा मार्ग सोडून सिझेरियन करतात. यातलं काहीही वेबकॅमवरून ठरवता येत नाही. डोक्याची स्थिती हाताने तपासूनच कळते.

सगळ्यात घातक चूक मात्र त्यानंतरची. न रडणारं बाळ 'ऑल इज वेल' ऐकून लाथ मारतं! खऱ्या आयुष्यात अशा बाळाला लगेच कोरडं करून पाठ चोळतात, तळव्यांना टिचक्या मारतात आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर जन्मापासून एका मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने मिनिटाला 40 ते 60 श्वास द्यायला लागतात. सिनेमात 'ऑल इज वेल' म्हणण्यात जातो तो वेळ फार मोलाचा आहे.

याच प्रसंगाला जोडून काळाचीही एक चूक आहे. सिनेमातला 'आज' 2009 धरला तर वर्गमित्र चतुरने रँचोशी लावलेली दहा वर्षांची पैज 1999च्या शिक्षकदिनी लागली, म्हणजे ही प्रसूती 2000च्या आगेमागे. तेव्हा घरी इंटरनेट असलंच तर ते टेलिफोनच्या तारेवरून चालणारं डायल-अप, वेग कमाल 56 केबीपीएस. सरकारने 256 केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हणायचं ठरवलं तेच 2004मध्ये. वादळी पावसात त्या लाइनीवरून असं सुरळीत चित्र दिसणं ही त्या क्लीनरपेक्षा मोठी जादू म्हणायची.

आता पेन. कॉलेजचा प्रमुख वीरू सहस्रबुद्धे ऊर्फ 'व्हायरस' सांगतो की अंतराळात साधी पेनं चालत नाहीत म्हणून शास्त्रज्ञांनी लाखो डॉलर खर्चून हे पेन बनवलं. यात दोन चुका आहेत. ते पेन पॉल फिशर या पेन-उत्पादकाने 1960च्या दशकात स्वतःच्या पैशाने बनवलं. नासाने नंतर सुमारे 400 पेनं घेतली, प्रत्येकी काही डॉलरना. आणि साधं बॉलपेन अंतराळात चालतं. जमिनीवर पेन उलटं धरलं की गुरुत्वाकर्षण शाई टोकापासून मागे खेचतं. तिथे ते खेचणंच नसतं. स्पॅनिश अंतराळवीर पेद्रो दुके याने 2003मध्ये तिथून साध्या बॉलपेनने लिहिलं होतं.

रँचोचा 'मग पेन्सिल का नाही?' हा प्रश्नही अर्धवटच आहे, कारण पेन्सिली वापरल्याच होत्या. 1965मध्ये नासाने 34 यांत्रिक पेन्सिली प्रत्येकी जवळपास 129 डॉलरना घेतल्या आणि त्यावरून बोंबाबोंब झाली. व्हायरस शेवटी देतो ते उत्तर, टोक तुटून डोळ्यात किंवा यंत्रात जाईल, ते मात्र अगदी बरोबर. त्याला आणखी एक कारण जोडा: ग्राफाइट वीजवाहक आहे आणि लाकूड पेटतं. 1967मध्ये अपोलो-1 या अमेरिकन यानात लागलेल्या आगीनंतर ही भीती फार वाढली.

भूगोलावर जास्त वेळ घालवत नाही. दिल्लीतलं म्हणून दाखवलेलं कॉलेज बंगळूरचं आयआयएम आहे. बाळकृष्ण दोशींची ती करड्या दगडाची इमारत ओळखणाऱ्याला लगेच ओळखू येते. वांगडूची, म्हणजे रँचोचीच, शाळा लेहजवळच्या शे गावात आहे. शाळेचं दृश्य संपून पात्रं पँगाँग तळ्याच्या काठावर येतात, पण मध्ये जवळपास दीडशे किलोमीटर आणि 5300 मीटरहून उंच चांग-ला खिंड आहे. मनालीच्या मांडवातून उठून आलेली पिया तिथे धावते, भांडते, चुंबन घेते. मनाली 2000 मीटरवर, तळं सव्वाचार हजारांच्या आसपास. 3000 मीटरनंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. त्या हिशेबाने तिचं डोकं ठणकत असायला हवं आणि चतुरच्या तोंडून एवढं लांबलचक भाषण तर दम लागल्याशिवाय निघणं शक्यच नाही.